चांगली बातमी द्यायला गेलो तेव्हा

वाईट बातमी कशी सांगावी हे माझ्याइतकं कुणाला कळत असेल, असं मला वाटत नाही. जन्मभर मी तेच करत आलोय. मालिकांत, सिनेमांत तुम्ही मला शंभरदा पाहिलंय. नाव आठवणार नाही, पण चेहरा दिसला की "अरे, हा तो!" एवढं नक्की म्हणाल. न्यायाधीश, पोस्टमन, बँकेचा मॅनेजर, मुलीचा गरीब बाप, मुलाचा माजोरडा बाप आणि दोनदा प्रेत, एवढं सगळं मी केलंय. पण माझं पोट भरलं ते डॉक्टरने. ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा विझतो, दार उघडतं, मी बाहेर येतो, सावकाश चष्मा काढतो आणि म्हणतो, "सॉरी. आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले." एवढंच वाक्य, पण ते मी असं टाकतो की सेटवर दिवे धरणारे दांडगे गडीही नाकं ओढायला लागतात.

त्यामुळे सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "हॉस्पिटलचं सगळं माझ्यावर सोड. तिथं कसं वागायचं, मला पाठ आहे."

"तुम्ही फक्त शांत बसा," ती म्हणाली. "तेवढं केलंत तरी खूप."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही थिएटरबाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून होतो. सासूबाईंच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मेहुणा दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. सांगितलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती. आत गेलेली नर्स बाहेर येत नव्हती आणि बाहेर आलेली आमच्याकडे बघत नव्हती. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं बधिर झाली.

समोर एक पैलवानासारखा माणूस आपल्या आत्याला घेऊन बसला होता. त्याच्याही वडिलांचं ऑपरेशन शेजारच्या थिएटरमध्ये चाललं होतं. तो मघापासून माझ्याकडे टक लावून बघत होता.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," तो म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नर्सने दार किलकिलं केलं आणि सासऱ्यांचं नाव पुकारलं. "एकाच नातेवाइकाने आत यायचं. डॉक्टरांना बोलायचंय."

मेहुणा दोन पावलं गेला आणि मटकन खाली बसला. "भाऊजी, तुम्ही जा. माझ्या पायांतला जीव गेलाय."

आत मला हिरवा झगा घालायला लावला, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. सर्जनबाई दमलेल्या दिसत होत्या.

"मध्ये रक्तस्राव थांबेना, म्हणून उशीर झाला," त्या म्हणाल्या. "पण आता धोका टळलाय. ऑपरेशन छान झालं. बाहेर जाऊन सांगा, पण जरा बेताने. आजींचं वय आहे."

काचेपलीकडे सासरे दिसत होते. अंगभर नळ्या, पण छाती शांतपणे वर-खाली होत होती. मला एकदम भरून आलं. डोळ्यांतल्या पाण्याने चष्मा धुरकट झाला. तसाच मी दाराकडे वळलो.

दार ढकललं आणि पाय आपोआप उंबऱ्यावर थांबले. मास्क हनुवटीखाली ओढला. समोरचं काही दिसेना, म्हणून चष्मा काढला. सावकाश. सगळे चेहरे माझ्याकडे वळले. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मला एकाही दिग्दर्शकाने चांगली बातमी सांगायला दिलेली नाही. ते वाक्य देखण्या डॉक्टरला असतं. मला म्हणायचं होतं, "ऑपरेशन छान झालं." पण घशातून निघालं, "आम्ही..."

मी सावरायला गेलो. "आमच्याकडून..." आणि मला हुंदका आला.

सासूबाई खुर्चीवरून घसरल्या. बायकोने किंकाळी फोडली. मेहुण्याने तेवढ्यात फोन लावलाही होता. "मावशी, बाबा गेले गं!"

"नाही, नाही, तसं नाही," मी म्हणालो. पण पैलवान उठला होता. त्याने माझ्या झग्याची गळपट्टी धरली.

"आणि आमच्या बाबांचं काय?"

"मला माहीत नाही हो."

"माहीत नाही? आत तुम्हीच होतात ना?"

"अहो, जिवंत आहेत!" मी ओरडलो.

"कोण जिवंत आहे?"

"यांचे!"

"म्हणजे आमचे नाहीत?"

त्याच्या आत्याने हंबरडा फोडला. माझे पाय जमिनीवरून सुटायला लागले होते.

"ताई, भाऊजींचं ऐकू नकोस," मेहुणा रडत रडत बायकोला सांगत होता. "आईला धीर यावा म्हणून जिवंत म्हणतायत. अभिनय करतायत ते."

खरं सांगतो, गळा आवळला जाण्यापेक्षा ते जास्त लागलं. मी जीव तोडून खरं बोलत होतो आणि माझ्या घरची माणसं मला दाद देत होती.

बायको उठली. पैलवानाचा हात तिने बाजूला केला आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माझ्याकडे बघा. खरं काय ते सांगा."

"छान आहेत. श्वास घेतायत. मी पाहून आलोय."

तिने माझा चेहरा उजेडाकडे वळवून नीट न्याहाळला. मग आईजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आई, बाबा बरे आहेत. हे खरं रडतायत. टीव्हीवर रडताना इतके कुरूप नाही दिसत."

गलका ऐकून सर्जनबाई स्वतः बाहेर आल्या, तेव्हा कुठे सगळ्यांचा विश्वास बसला. पैलवानाच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि ते आत चहा मागत होते. पैलवानाने माझ्या झग्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. सासूबाई पाणी प्यायल्या. मेहुणा मावशींना पुन्हा फोन लावत बसला, पण त्यांचा फोन बंद होता.

संध्याकाळी सासरे शुद्धीवर आले. दोघांनाच आत सोडणार होते. सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हीच चला माझ्यासोबत. दिवसभर तुम्ही फार सोसलंत."

पुन्हा तोच हिरवा झगा. सासऱ्यांनी डोळे उघडले, सासूबाईंकडे पाहून किंचित हसले. मग त्यांची नजर पायथ्याशी उभ्या असलेल्या माझ्यावर गेली. मशीनवरची रेघ उड्या मारायला लागली. नर्स धावली. सासऱ्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, काहीतरी मायेचं बोलणार. मी कान जवळ नेला.

"दुसरा डॉक्टर बघा," ते पुटपुटले. "हा आला की पेशंट वाचत नाही."

माझं एकही काम त्यांनी पाहिलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यांनी सगळीच पाहिली होती!

नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. पुन्हा कुणाचा गैरसमज नको, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात दाबून उभा राहिलो.

नेमकी तेव्हाच लिफ्ट उघडली आणि मावशी बाहेर आल्या. त्यांना माझा चेहरा काही दिसला नाही. फक्त गदगदणारे खांदे दिसले.