जवाब वेळेवर

दौलतकाका कुणाच्याही घरी गेले, की आधी टीव्हीच्या मागे जातात. चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दहा मिनिटं त्यांच्या पाठीशीच गप्पा मारल्या. मग डोक्याला जळमटं घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "सर, समोरून सगळ्यायचाच टीव्ही चांगला दिसते. मांगून समजते." आमचा टीव्ही नापास झाल्याचं मी ओळखलं.

मी वणीत शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. काका कोळसाखाणीतून निवृत्त झालेले. खाणीच्या तोंडाशी दोरानं डबे ओढणारं यंत्र ते चालवत. खालून घंटी आली की वरून घंटीनं जवाब द्यायचा, मगच दोर हलवायचा. जवाबाला उशीर म्हणजे खाली काहीतरी झालं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे माणूस असो की फटफटी, ते एकाच मापानं मोजतात: हाक दिल्यावर जवाब किती वेळात येतो.

गेल्या वर्षी त्यांना मोबाइलमधलं टीव्हीवर दाखवणाऱ्या डब्यांचा नाद लागला. घरात पुण्याला राहणाऱ्या मुलानं आणलेला मोठा फोर-के टीव्ही होता. पहिला डबा लावला, तर चित्र अडकून पडद्यावर चकरी फिरायला लागली. दुसऱ्यात ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. तिसराही परत करायला निघाले, तेव्हा चौकातल्या दुकानदारानं त्यांना लांबून पाहूनच शटर अर्ध्यावर ओढलं. त्यानं दर वेळी सिनेमे लावून दाखवले, गाणी लावून दाखवली. सगळं झकास चालायचं. काकांचं एकच म्हणणं, "सिनेमा चालते हो. माह्यावाला व्हिडिओ नाही चालत." कुठला व्हिडिओ, ते मात्र सांगत नसत. मुलानं तो लहान करून पाठवतो म्हटलं, तर त्याच्यावर डाफरले. लहान केला की चेहरा पुसट होतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

भूत नसतं, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला छातीठोकपणे सांगतो. पण त्या मे महिन्यात माझी छाती जरा आत गेली. टळटळीत दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "दिसून राह्यलं का?"

थोडा वेळ काही नाही. मग बाईचा आवाज. "दिसते. पण लोकायचे तोंडं हिरवे दिसून राह्यले."

तो कौसल्याकाकूंचा आवाज होता. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या तिरडीला मी स्वतः खांदा दिला होता.

मग हे रोजचंच झालं. तेच प्रश्न, तीच उत्तरं. कधी उत्तर उशिरा यायचं, तेव्हा काका मध्येच हळू आवाजात "कौसल्या?" म्हणत. त्या मधल्या वेळात मीही भिंतीला कान लावून बसे. बायको म्हणाली, जाऊन विचारा. मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, विज्ञान तुम्ही शिकवता.

आठव्या दिवशी काकांनीच हाक मारली. "सर, या बरं. जवाब उशिरा येते."

दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता. सोफा रिकामा, त्यावर हिरवी चादर. आणि टीव्हीत तोच सोफा, तीच चादर, आणि तिच्यावर बसून थेट माझ्याकडे बघणाऱ्या काकू.  टीव्हीखालून काकांच्या चपला दिसत होत्या. काका नेहमीप्रमाणे मागे होते.

मागूनच त्यांनी सगळं सांगितलं. टीव्ही आणला त्या दिवशी मुलानं आपला मोबाइल टीव्हीखाली उभा करून आईचा चेहरा टिपला होता. काका मागे वायरी आवळत विचारत होते आणि ती सोफ्यावरून सांगत होती. काकांचे प्रश्न मागच्या कूलरच्या घरघरीत बुडाले, काकूंची उत्तरं तेवढी स्वच्छ आली. म्हणून प्रश्न ते रोज नव्यानं विचारत. उत्तर मात्र वेळेवर यायला हवं.

दोष सापडायला मला पाच मिनिटं लागली. एवढा अवजड व्हिडिओ मोबाइलमधून वायफायवरून डब्यात जात होता आणि वायफाय मरतुकडं. ज्या माणसानं सगळ्या वणीचे टीव्ही मागून तपासले, त्याला हे कळलं नाही, कारण वायफायला मागे वायरच नसते. मी व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये उतरवून सरळ डब्याला लावला.

"दिसून राह्यलं का?" काकांनी विचारलं.

"दिसते," काकू लगेच म्हणाल्या. चेहरा इतका लख्ख, की नाकातल्या चमकीचे खडेसुद्धा मोजून घ्यावेत. शेवटी त्या जरा पुढे वाकल्या आणि हसल्या. "अजी, आता या ना समोर. कवाचे मांगंच हा."

व्हिडिओ संपला. चपला हलल्या नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन डबे बदलून जो चेहरा पुसट होऊ दिला नाही, तो या माणसानं एकदाही पाहिला नव्हता.

का, ते मी विचारलं. काका म्हणाले, "ती गेली त्या दिवशी कूलरच्या मांगून हाक देल्ली तिले. पाना मागतला. जवाब नाही आला. मले वाटलं, कामात असन. जिंदगीभर घंटीले घंटी देल्ली सर, अन् घरची घंटी नाही आली तं उठून पाह्यलं नाही." मग म्हणाले, "आता समोर आलो तं मांगून विचारन कोन?"

 मी म्हटलं, तुम्ही सोफ्यावर बसा, मी मागे जातो.

"सवाल येतील तुमाले?"

आठवडाभर भिंतीला कान लावून बसलो होतो, सगळे पाठ होते. मी टीव्हीमागे शिरलो. तिथे वायरी होत्या, धूळ होती आणि उकाडा. "दिसून राह्यलं का?" मी विचारलं. काकूंचं उत्तर वेळेवर आलं. पुढचंही आलं. 

शेवटी काकू म्हणाल्या, "अजी, आता या ना समोर. कवाचे मांगंच हा."

आणि जराही उशीर न होता सोफ्यावरून आवाज आला, "आलो."