रॉकेलच्या डब्यातली पाच फळं

'निंबा भिकन, गुप्तहेर. चोरांचा काळ, दरोडेखोरांचा यम, हरवलेल्या शेळ्यांचा एकमेव आधार.'

ही पाटी आमच्या ओट्यावर आहे. जळगावच्या रेल्वे फाटकावरूनही वाचता येते, इतकी गुप्त. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी नुसतं 'हे' म्हणते. एरवी हे कापसाच्या जिनात कारकून. आजवर एक प्रकरण सुटलं, शेळीचं. तीही आपल्या पायांनी घरी आली.

माझे वडील, नाना, पाचगणीला एका बंगल्यावर माळी. त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून स्ट्रॉबेरीची रोपं धाडली. मी ती परसात रॉकेलच्या डब्यांत लावली, मिरचीच्या शेजारी. बाळाला निजवावं, पाणी घालावं, पानं उचलून बघावं. माघात पाच फळं पिकली.

नानांचं पत्र आलं : "रविवारी उष्टावणाला येतो. एक फळ राख. नातवाला मीच चाटवीन."

नातवाला ते पहिल्यांदाच बघणार होते. आणि गुरुवारी सकाळी फळं चार, शुक्रवारी तीन, शनिवारी दोन!

"चोर डावखुरा आहे," हे भिंग लावून म्हणाले.

"कशावरून?"

"उजवा असता तर सापडला असता."

मग शेजारचे सोहनलाल शेठ धरले गेले. "ओठ लाल कसे, शेठ?"

"निंबाभाऊ, हे पान सकाळी तुम्हीच तर दिलं!"

मग चिखलात पाऊल सापडलं. हे मागावर निघाले ते थेट आमच्या खाटेपाशी पोचले.

"अहो, या तुमच्याच वहाणा."

"बघ! वहाणाही चोरल्या, आणि परत आणून ठेवल्या. सराईत आहे!"

शनिवारी दुपारपासून हे गोणपाट पांघरून मिरच्यांमागे बसले. दिवेलागणीला बाहेर आले. फळ एकच उरलं होतं.

"कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. माझी माय सोडून."

एवढ्यात धुणंभांडी करणारी भागाबाई नाक वर करून म्हणाली, "आक्का, चुल्हामा काय शे वं? मुरब्बाना वास ई राहिना!"

खरंच, चुलीतून मुरब्ब्याचा गोड वास येत होता. चुलीपुढे सासूबाई डोळे पुसत होत्या. मांडीवर बाळ हसत होतं.

"चार दिन व्हयनात," त्या म्हणाल्या. "रोज पोऱ्यानी दिठ काढस. मिरची बळस, पन ठसकाच लागत नही. कोनी येवढी दिठ लागनी व माय!"

मिरची जळून ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. डब्यातलं लाल ते सगळं मिरचीच. माझ्या बाळाची दृष्ट चार दिवस स्ट्रॉबेरीने निघत होती! मी रागवायला गेले आणि हसूच फुटलं.

"मला संशय होताच," हे म्हणाले.

रविवारी नाना आले. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी उरलेलं फळ ओठांना लावलं. बाळाने तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि 'अजून' म्हणावं तसं नानांचं बोटच धरलं. नानांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले.

"आते दिठ लागी!" म्हणत सासूबाई परसात धावल्या. या खेपेला खरी मिरची आली.

घरभर ठसका. नाना खोकताहेत, सोहनलाल शेठ भिंतीपलीकडून खोकताहेत. सासूबाई मात्र आनंदाने टाळ्या पिटताहेत : "लागना! ठसका लागना!"

ह्यांनी खोकत खोकत वहीत नोंद केली : 'विषारी धूर सोडून आरोपी फरार.'