कांबळे मॅडमची तुटक रेघ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कांबळे मॅडम भाजी घेताना आधी भाव विचारत नाहीत. त्या भाजीवालीला विचारतात, "तुमच्या नणंदेच्या नवऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

हडपसरच्या मंडईत, भर गर्दीत, मागे चार बायका मेथीची जुडी हातात धरून उभ्या असतात. भाजीवाली एकदा म्हणाली, "काय म्हणणार, दारुडा म्हणते."

"तोंडावर की पाठीमागे?"

"पाठीमागं."

"तोंडावर काय?"

"भावजी."

"नोंद झाली," म्हणून मॅडमनी वही बंद केली आणि मेथी न घेताच घरी आल्या. मेथी नंतर मी जाऊन आणली.

मी त्यांच्याकडे सकाळच्या चपात्या करते. आम्ही खाली दोन खोल्यांत राहतो, आमचे हे कंपनीची गाडी चालवतात. मॅडम एकट्याच. नोकरीत असताना गावोगाव हिंडून लोकांची नाती लिहून घ्यायच्या, कोण कुणाला काय हाक मारतं, कुणाची पोरगी कुणाकडे दिली. आता रिटायर झाल्यात आणि त्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये घालतायत. वह्या किती, तर पलंगाखाली वह्या, कपाटात वह्या, फ्रिजवर वह्या. मी म्हणलं, मॅडम, एवढं कशाला? तर म्हणे, वहीत शोधायला मला आठवडा लागतो आणि याला चहा गाळेपर्यंतचा वेळ.

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये माणसं नसतात. बाप्या म्हणजे त्रिकोण आणि बाई म्हणजे गोल. नवराबायकोमध्ये बरोबरची खूण, गणितातली असते तशी. मी ते आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरोबर कुठं हाय, वजाबाकी हाय."

आणि मॅडमचं एक ठरलेलं, गृहीत धरायचं नाही. मी विचारलं, मॅडम, चहात साखर एक चमचा ना, रोजच्यासारखी? तर म्हणणार, "गृहीत धरायचं नाही, पण हो."

आता मूळ गोष्ट. एक दिवस मी चपात्या लाटत होते, माझी पोरगी स्वरा माझ्या पायाशी बसलेली, आणि मॅडम म्हणाल्या, "शीतल, आज तू केंद्र."

मला कळेना. केंद्र म्हणजे म्हणे जिच्यापासून सगळी नाती मोजायची ती. मी नववी नापास, मला जन्मात कुणी केंद्र म्हणलं नव्हतं. मी खुशीत सांगत सुटले, वडील, आई, काका, आत्या. मॅडम पटापटा गोल आणि त्रिकोण काढत होत्या. मग म्हणाल्या, "आता नवऱ्याची आई."

मी म्हणलं, "ती आत्याच की."

"गृहीत धरायचं नाही. सख्खी?"

"सख्खी. वडलांची थोरली बहीण. तिच्याच पोराला दिलंय मला."

मॅडमनी ते घातलं आणि कॉम्प्युटर टुण्ण करून थांबला. मधोमध लाल चौकट आली. मला इंग्लिश जास्त येत नाही पण एरर कळतं, मोबाईलवर येतं तेच. मी विचारलं, काय म्हणतोय? मॅडम चष्मा पुसत सहज म्हणाल्या, "म्हणतोय, नात्यात चूक आहे."

मी लाटणं खाली ठेवलं. कारण माझी स्वरा दोन वर्षं उलटून वर पाच महिन्यांची झालेली आणि एक शब्द बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नाव स्वरा आणि तोंडात स्वर नाही. एकीनं तर नळावर सगळ्यांसमोर सांगितलं, नात्यात लग्नं केली की असंच होतं. मी ते कुणाला बोलले नव्हते, ह्यांनासुद्धा नाही, कारण ह्यांना बोलायचं म्हणजे ह्यांच्या आईला बोलायचं आणि ह्यांची आई म्हणजे माझीच आत्या. आणि आता ते मशीनपण तेच म्हणत होतं. मी स्वराला उचललं आणि जिने उतरून खाली. चपाती तव्यावर तशीच.

तीन दिवस मी वर गेले नाही. ताप आलाय म्हणून निरोप दिला.

चौथ्या दिवशी मॅडम खाली आल्या. त्यांचे गुडघे धरलेले, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरतात, आणि काखेत तो घडीचा कॉम्प्युटर. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चपाती जळाली. नोंद झाली. का पळालीस ते सांग. मी गृहीत धरणार नाही."

मी सगळं सांगितलं. एका दमात, रडत, नाक पुसत. मॅडम खाटेवर टेकल्या. कॉम्प्युटर मांडीवर उघडला आणि म्हणाल्या, "चूक झाली, पण माझी. मी बोलले तसं बोलायला नको होतं. हे बघ, हा प्रोग्राम बाहेरच्या देशात लिहिला. लिहिणाऱ्याला आत्या नसावी. एकच बाई आत्या आणि सासू दोन्ही असू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एक गोल दोनदा दिसला की तो ओरडतो. खाली बघ, 'तरीही ठेवा' असं बटण आहे. मी दिवसभर तेच दाबते, निम्मं आयुष्य त्यात गेलं."

मग त्यांनी काहीतरी टाइप केलं, आणि आत्याच्या घरात दिलेल्या बायकांची यादी आली. त्यांच्या वह्यांमधल्या. मॅडम बोटानं खाली सरकवत होत्या आणि यादी संपेचना. बारामतीकडची कुणी, जुन्नरची कुणी, आपल्या हडपसरची तर चिकार. मला इतकं बरं वाटलं, की एवढ्या जणी आहेत.

मी विचारलं, "त्यांची पोरं बोलायची का?"

मॅडमचं बोट थांबलं. "ते मी विचारलं नव्हतं," म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. यादी म्हणजे डॉक्टर नाही, शीतल. उद्या आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. लग्न नात्यातलं आहे हे तिथं पहिलं सांगायचं, लपवायचं नाही."

रिक्षानं गेलो. दवाखान्यात स्वराला मांडीवर घट्ट धरून बसले. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आत्याचं पण. त्यांनी स्वराच्या कानाला काय काय लावलं, मागून घंटी वाजवली, बाहुली आण म्हणाले, बॉल दे म्हणाले, आणि ती सगळं करत होती. मॅडम मधेच डॉक्टरांना विचारत होत्या, तुम्ही मामीला काय म्हणता. डॉक्टर म्हणाले, आजी, आधी पेशंट बघू द्या.

शेवटी ते म्हणाले, ऐकू नीट येतंय, समज चांगली आहे, नात्यातलं लग्न आहे म्हणून सगळं तपासलं, आत्ता तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. काही मुलं उशिरा बोलतात. बोलणं शिकवणाऱ्या ताईंकडे आठवड्याला आणा आणि घरात तिच्याशी भरपूर बोला.

मी रिक्षात अख्ख्या रस्ताभर रडले. रिक्षावाल्यानं विचारलं, काय झालं? मॅडम म्हणाल्या, "काही झालं नाही, म्हणूनच रडतेय. तुमच्या साडूला तुम्ही काय म्हणता?"

भरपूर बोलायचं काम मॅडमनी अंगावर घेतलं. रोज सकाळी मी चपात्या करायची आणि त्या स्वराला समोर बसवून सांगायच्या, ही चुलत सासू, हा मावसभाऊ, हा आतेमामेभाऊ. मी म्हणलं, मॅडम, आधी चिऊकाऊ तरी शिकवा. म्हणे, चिऊकाऊ नात्यात येत नाहीत.

पावणेदोन महिने झाले असतील. मी ताटात चपाती वाढली, मॅडमनी खाल्ली आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "मीठ कमी. नोंद झाली."

मॅडमच्या पायाशी आवाज आला, "नोंद."

मी लाटणं हातातच धरून उभी. स्वरा मॅडमच्या पदराला धरून वर बघत होती. "नोंद," परत म्हणाली. मग मॅडम उठून पाणी प्यायला गेल्या तर ही मागं मागं, "नोंद, नोंद." ती त्यांनाच हाक मारत होती.

मॅडम पाणी न पिताच परत आल्या. कॉम्प्युटर उघडला, माझं पान काढलं, ज्यात मी केंद्र आहे ते. ते पूर्ण मी कधीच बघितलं नव्हतं. अगदी खाली कोपऱ्यात एक गोल होता, त्याखाली मॅडमचं नाव. वर आईबाप, दोघांवर तिरकी रेघ मारलेली, म्हणजे वारले. बाजूला बरोबरची खूण नाही. खाली काही नाही. एवढ्या गावांची नाती लिहिली बाईनं, आणि तिचा गोल असा.

फक्त एक तुटक रेघ होती, त्या गोलापासून स्वराच्या गोलापर्यंत. मॅडमनी मागे शिकवलं होतं मला, तुटक म्हणजे मानलेलं नातं. रेघेवरची हाक लिहायची जागा रिकामी होती.

"ही कधी काढली?"

"कानाच्या डॉक्टरकडून आलो त्या दिवशी."

"मग आजी लिहायचं की. जागा रिकामी का ठेवली?"

"गृहीत धरायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी त्या जागेत हळूहळू टाइप केलं, नोंद. कॉम्प्युटर टुण्ण करून थांबला, लाल चौकट आली. असं नातं त्याच्या यादीत नव्हतं. मॅडमनी वाचलंसुद्धा नाही. स्वराला मांडीवर घेतलं, तिचं बोट धरलं आणि 'तरीही ठेवा' दाबलं.