दसारामचा तीनाचा ठोका

दसाराम कोणाच्याही घरी गेला की पाणी नंतर पितो, आधी पंखा ऐकतो. मान वाकडी करतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "दोनाचा आहे." कधी म्हणतो, "तीनाचा. चांगलं घर आहे."

आमच्या अड्याळच्या भजन मंडळात तो ढोलकी वाजवतो, मी झांज. मी चौथी नापास, पण झांज धरायला मला शिकवावं लागलं नाही. दसारामचं म्हणणं असं, की ठोका पडला की त्याच्या पोटात दोन दाणे असतात, नाहीतर तीन. दोन असले की चाल सरळ जाते, तीन असले की झुलते. पिठाची चक्की दोनाची. झोळीतलं पोर तीनाचं. त्याचा स्वतःचा जावई? "त्याच्या पोटात दाणाच नाई, भाऊ."

मला पटेना, तेव्हा त्याने ओट्यावर सहा बिड्या मांडल्या. "पाहा. तीन-तीन ठेवल्या तं ढीग दोन. म्हणजे ठोके दोन. आता दोन-दोन ठेवतो. ढीग तीन झाले. बिड्या त्याच, चाल बदलली."

मी त्यातली एक उचलून पेटवली.

"आता कसं वाजवू?" तो म्हणाला. "माहा दाणा ओढून राहिले तुमी."

मग त्याची बायको, पार्बता वहिनी, धानाच्या बांधीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी मिळाली. डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर पाय आखडेल. वहिनी खाट सोडेना. दसारामने भजनाला येणं सोडलं.

शेवटी मीच गेलो. वहिनीला अंगणात उभं केलं आणि मोजू लागलो, "एक, दोन. एक, दोन." काठी पायात आली. वहिनी मटकन खाटेवर बसली.

"मले नाई जमत. मी आता खाटेचीच."

"भाऊ, तुमी दोन मोजून राहिले," दसाराम म्हणाला. "तिले आता तीन आहेत."

"माणसाले पाय दोनच असते, दसाराम."

"अन् काठी कोण मोजन?"

त्याने ढोलकी आणली. अगदी सावकाश वाजवू लागला. धा, धी, ना. काठी, दुखरा पाय, चांगला पाय.

"लोकं पाहून राहिले," वहिनी कुरकुरली. "बुढा येडा झाला." पण काठी उचलली. फाटकापर्यंत गेली. तिथे ढोलकी थांबली. दसाराम दुपट्ट्याने नाक पुसत होता.

"थांबले काहून?" वहिनी तिकडून म्हणाली. "मले काय फाटकातच उभी ठेवता?"

परवा देवळात सरळ दोनाच्या चालीचं भजन चालू होतं. बाहेरून काठी ऐकू आली. एकटीच येत होती. दसारामचा हात आपोआप तीनावर गेला. गाणाऱ्याने डोळे वटारले. मी झांज थांबवली नाही. झांज ठोक्यावर असते, आणि ठोका जागेवरच होता. बदलले ते पोटातले दाणे. वहिनी पायरी चढून आत येईपर्यंत भजन झुलत राहिलं.

"आता पटलं ना, भाऊ?" दसारामने हळूच विचारलं.

"माणसाले पाय दोनच असते," मी म्हणालो, आणि सरकून वहिनीच्या काठीसाठी भिंतीपाशी जागा केली.