नागवेकरांचं रक्त

"आबांच्या सगळ्या सवयी माझ्यात आल्यात, मॅडम. उद्या वर्गात तेच सांगते," तेजस्वी फोनवर म्हणाली. पडवीत बसलेल्या गंगाराम नागवेकरांच्या कानावर एवढंच पडलं आणि त्यांचा ऊर भरून आला. नात मानसशास्त्र शिकते म्हणजे नेमकं काय शिकते, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. आज कळलं. ती नागवेकर शिकत होती.

"मी येतो उद्या कॉलेजात," त्यांनी जाहीर केलं.

"आबा, पाच मिनिटांचं तर बोलणं आहे!"

"मगे काय झालं? नमुना दाखवायचा नि मूळ घरात ठेवायचं?"

राजश्रीने सासऱ्यांना समजावून पाहिलं. "आबा, त्यांचा विषय जरा वेगळा आहे. माणसाचं वागणं अनुवंशाने ठरतं, की..."

"तेच ना! रक्त!" असं म्हणत आबा जहाजावरच्या नोकरीतली पांढरी पॅन्ट शोधायला आत गेलेसुद्धा.

सकाळी पॅन्ट कमरेत बसेना, म्हणून राजश्रीने ती उसवून दिली. मुलाने, म्हणजे विनीतने, आबांना गाडीतून न्यायचं म्हणून बँकेत रजा टाकली. वाटेत आबांनी मासळीवाल्या सावित्रीला साक्षीदार म्हणून गाडीत घेतलं. एवढे पाहुणे बघून संस्कृती मॅडमनी जादा खुर्च्या मागवल्या. खुर्च्या दिसल्या म्हणून शेजारच्या वर्गातली मुलं आली, आणि वर्ग पुरेना म्हणून सगळी वरात सभागृहात गेली. तिथे माईक होता. तो आबांनी घेतला.

"ही माझी नात. मासळी घेताना आधी कल्ला उचलून बघते. मीपण तसाच."

"दोघं आली की माझा अर्धा बाजार बुडतो!" सावित्रीने साक्ष दिली.

"रस्ता चुकली तरी कोणाला विचारणार नाय. मीपण नाय विचारत."

"म्हणून खेडला लग्नाला निघालो आणि गुहागरला जेवलो," मागून विनीत पुटपुटला.

"आणि आम्हाला राग आला की आम्ही भांडत नाय. मी मुकाट दोर गुंडाळत बसतो. आणि ही..."

सभागृहात हशा पिकला. आबांनी वळून पाहिलं. तेजस्वी ओठ घट्ट मिटून माईकची वायर हातावर गुंडाळत गुंडाळत त्यांच्याच दिशेने येत होती.

"बघितलंत? रक्त!" आबा गरजले.

मॅडमची पंचाईत झाली. तेजस्वीने स्वतःचं उदाहरण निवडलं होतं ते नेमकं उलट कारणासाठी. पण हे त्या म्हाताऱ्या माणसाला भर सभेत सांगायचं कसं? तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"आजोबा, पण हिला तर दत्तक घेतलंय ना?"

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या.

"कोणाला?" आबांनी विचारलं.

"मला, आबा," तेजस्वी हळूच म्हणाली.

गंगाराम तिच्याकडे बघत राहिले. पुण्याच्या त्या संस्थेत तिला पहिल्यांदा कडेवर त्यांनीच घेतलं होतं. येताना घाटात ती त्यांच्याच सदऱ्यावर ओकली होती. सगळं लख्ख आठवलं. फक्त हे आपण विसरलो कधी, तेवढं आठवेना.

"अगो, हो की!" ते म्हणाले. "ध्यानातच राहिलं नाय बघ."

तेजस्वीच्या हातातलं वायरचं वेटोळं सुटून खाली पडलं. मॅडम चष्मा पुसू लागल्या. आबा मात्र तेवढ्यात सावरले होते.

"म्हणजे रक्त नसताना एवढं उतरलं! मॅडम, ह्याच्यात सगळी मेहनत माझी, हे मुलांना नीट सांगा. आणि तो मागे बसलाय ना, तो रक्ताचा. जेटीवर नुसता उभा केला तरी मळमळतं म्हणून लिंबू चोखतो!"

टाळ्या थांबेनात. विनीतला उठून नमस्कार करावा लागला. एकाच घरात रक्ताचं आणि बिनरक्ताचं अशी दोन्ही उदाहरणं मिळाल्यामुळे मॅडमनी तिथेच आबांना पुढच्या वर्षाचंही आमंत्रण दिलं.

बाहेर पडताना फाटकावरच्या वॉचमनने दोघांना न्याहाळलं. "नात काय? नाक अगदी तुमचंच हाय, साहेब."

आबा थांबले. खरं काय ते सांगावं का, याचा त्यांनी क्षणभर मनापासून विचार केला.

"छे, छे," ते म्हणाले. "नाक तिच्या आजीचं."