डोमाजीच्या तीन याद्या

डोमाजीला कोणी "काय चाललं?" म्हटलं की तो उलट विचारायचा, "कोणत्या यादीतलं?" पीकपाण्याचं असेल तर राज्याची यादी. पोस्टाचं, रेल्वेचं असेल तर केंद्राची. कुणाचं लग्न जुळलं किंवा मोडलं असेल तर समवर्ती, म्हणजे दोघांची मिळून. यादी ठरल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

हा आमचा शेजारी. मारेगावजवळच्या कापसाच्या जिनिंगात चौकीदार, शिक्षण सातवी. दसऱ्याला नागपूरला गेलेले लोक फोटो आणतात, मूर्ती आणतात. यानं संविधानाचं मराठी पुस्तक आणलं. बाकीचे उद्देशिका पाठ करतात. यानं पुस्तक मागून उघडलं आणि सातवी अनुसूची पाठ केली. कोणता कारभार केंद्राचा, कोणता राज्याचा, कोणता दोघांचा, त्या तीन याद्या तिथं आहेत.

मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मी लाजत नाही. पण त्या याद्यांवर परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहून मी मोकळा झालो होतो. डोमाजी मात्र सकाळी दात घासता घासता कुंपणावरून विचारायचा, "बीए, दीपगृह कोणाचं?"

"केंद्राचं असेल."

"असन नाई, हायेच. सव्वीस नंबर. आपल्याकडं समुद्र नाई म्हणून का इसरून जाचं?"

गावातली पोरं त्याला येडा म्हणायची. तो शांतपणे सांगायचा, "येडेपणा समवर्ती यादीत हाये. मले येडं ठरवाचं तं दोन सरकारं ठरवतीन. तू कोण बे?"

घरात दोघंच. तो आणि धाकटा भाऊ परसराम. आईबाप लवकर गेले, डोमाजीनं परसरामला वाढवलं आणि त्या भरात स्वतःचं लग्न राहून गेलं. "मी केंद्र, परस्या राज्य," असा त्यांचा कारभार. वरणात मीठ किती, हा राज्याचा विषय. केंद्रानं खारट वरण मुकाट्यानं खायचं. परसरामचं लग्न समवर्ती यादीत होतं, म्हणून ते पाच वर्षं अडकलेलं. एकाला पसंत पडलेली मुलगी दुसऱ्याला चालत नसे.

मग ते गुलाबी अळीचं साल आलं. कापूस माणसाएवढा वाढला, आणि बोंड फोडावं तर आत किडकं. लोक जे हाताला लागेल ते फवारू लागले, दोन-दोन औषधं एकात कालवून. परसराम दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं फवारायला जायचा. एका सकाळी तो पंप पाठीला लावून दारातच थांबला. शेजारच्या गावात एक फवारणीवाला चक्कर येऊन पडला होता.

"भाऊ, जाऊ का नको? बाटलीवरचं बारीक लिवलेलं वाचता येत नाई."

"अबे, विषं समवर्ती यादीत हायेत," डोमाजी म्हणाला. "एकोणीस नंबर. एका सरकारची नजर चुकली तं दुसरं पाहते. दोन-दोन सरकारं राखण करून राह्यले, तुले कायचं भेव? जाय."

मी कुंपणाशीच होतो. हसलो. दुसरं काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी परसरामला वावरातून ट्रॅक्टरवर घालून आणलं. तसंच पुढं यवतमाळच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी जीव वाचवला. डोळे वाचले नाहीत.

डोमाजी कचेऱ्या हिंडला. एका ठिकाणी सांगितलं, औषधाला परवानगी वरून येते. वरच्यांचा माणूस म्हणाला, विक्रीवर लक्ष ठेवणं खालच्यांचं काम. तिसऱ्यानं विचारलं, तोंडाला फडकं बांधलं होतं का? परत आला तेव्हा पायरीवर बसून मला एवढंच म्हणाला, "बीए, दोघाईची राखण म्हणजे कोणाचीच नाई रे." त्यानंतर त्याच्या तोंडून यादीचा शब्द निघाला नाही. पोरं मुद्दाम विचारायची, "डोमाजीबुवा, शेळी कोणाच्या यादीत?" तो खाली पाहून निघून जायचा. मग पोरांनीही सोडून दिलं.

परसराम अजून यवतमाळलाच होता. मी दवाखान्यात गेलो तेव्हा दुपार होती. परसरामच्या डोळ्यांवर पट्टी. सरकारी साहेब विचारपूस करायला येणार, असं डोमाजीनं त्याला सांगून ठेवलेलं. पावलं वाजली की तो विचारायचा, "भाऊ, साहेब आले का?"

डोमाजी म्हणाला, "निंगाले. दिल्लीवाले निंगाले, मुंबईवाले बी वाटेत हायेत." मग दंडाला धरून त्यानं मला व्हरांड्यात नेलं. "बीए, तुयी भाषा शुद्ध हाये. पाच मिनिटं सरकार होय."

"कोणतं सरकार?"

"कोणतंई."

ती शुद्ध भाषा मी फार कष्टानं कमावली होती. खाटेजवळ उभा राहिलो, घसा खाकरला. "परसराम, मी शासनातर्फे आलो आहे. आपल्या प्रकरणाची दखल घेण्यात आली आहे."

त्यानं हात जोडले, शेजारच्या खाटेकडे तोंड करून. मला ओळखलं की नाही, हे आजही ठाऊक नाही.

"साहेब, मायं झालं ते झालं. माया भावाले तेवढं सांगा. मले जाय म्हणलं म्हणून सोताले खाऊन राह्यला. जेवत नाई. त्याची चूक नाई, असं सांगा. तो मायं आयकत नाई जी, सरकारचं आयकते."

मी वळलो. डोमाजी भिंतीला टेकून उभा होता, तोंडावर हात दाबून.

"डोमाजी," मी म्हणालो, आणि तोंडात आलेला आवाज माझा वाटेना. "यात तुमची चूक नाही. शासन तसे जाहीर करीत आहे."

मी कोण, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. साहेब त्यानंच मला केलं होतं. तरी तो दोन पावलं पुढं आला, हात पायजम्याला पुसले आणि हळूच विचारलं,

"हे लेखी भेटन का, साहेब?"