मास्तरांनी साइड दिली

मास्तर बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते आणि दर रविवारी दुपारी चार वाजता गाडीच्या शर्यतीत शेवटचे येत होते. शर्यत खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. चौघं मित्र आपापल्या घरी टेबलाला स्टिअरिंग आवळून, पायाशी पेडल मांडून आणि कानाला हेडफोन लावून बसत. पहिले नेहमी दातांचे डॉक्टर. दुसरा मास्तरांचा मेहुणा, तिसरा टेलर. चौथ्या जागेसाठी चुरस नव्हती.

मास्तरांचं चुकत काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. ते वळणाआधी आरशात बघत, वळताना इंडिकेटर देत, पुढच्या गाडीपासून अंतर राखत. मागून कुणी दिवे मारले की बाजूला होऊन निमूट साइड देत.

"अहो दाजी, रेस आहे ही!" मेहुणा ओरडायचा.

"म्हणून काय अंगावर जायचं लोकांच्या?" मास्तर विचारायचे.

हरण्याचं मास्तरांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते चषकाचं. वर्षातली शेवटची शर्यत जो जिंकेल त्याला हातभर उंचीचा चषक मिळे आणि तो त्यानं वर्षभर आपल्या कामाच्या जागी ठेवायचा, असं ठरलेलं होतं. तीन वर्षं तो डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीच्या बरोबर समोर होता. तोंडात अवजारं घेऊन पडलेला माणूस काही विचारू शकत नाही, पण डॉक्टर आपणहून सांगत, "ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर माहितीयेत ना? तेही असतात आमच्यात. शेवटचे येतात." पेशंट आ वासून ऐकत. डॉक्टर स्वतः मात्र दवाखान्यात यायचे ते बायकोच्या गाडीतून, तिच्या शेजारी बसून. खऱ्या रस्त्यावर मजा येत नाही, असं ते म्हणत.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या दोन विद्यार्थ्यांनी नाव काढून घेतलं. त्यातल्या एकाचा गाल चांगला टम्म सुजला होता, त्यामुळे बातमी कुठून आली हे मास्तरांना विचारावं लागलं नाही.

"एकदा तरी तो चषक माझ्या टेबलावर यायला हवा," मास्तर बायकोला म्हणाले. "नाहीतर शाळेला कुलूप लागेल."

"मग जरा जोरात चालवा की. घरातला पंखासुद्धा तुम्ही एकवरून दोनवर, दोनवरून तीनवर नेता."

तोडगा टेलरनं काढला. वर्षाच्या दोनच शर्यती उरल्या होत्या आणि डॉक्टर पुन्हा चषक नेणार हे दिसतच होतं. "एकाला कपडा सैल आणि एकाला घट्ट, असं कसं चालेल? गाड्या ऑल्टर करू," टेलर म्हणाला. गेममध्ये गाडीचं वजन कमी-जास्त करायची सोय होती. या रविवारी जो पहिला येईल, त्याच्या गाडीत शेवटच्या शर्यतीसाठी शंभर किलो घालायचे. जो शेवटी येईल, त्याच्या गाडीतले शंभर किलो काढायचे. टेलरनं कापड बेतायच्या टेबलावर खडूनं हा नियम लिहिलासुद्धा. सगळ्यांनी मान डोलावली आणि प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेबाला लागला. प्रत्येक जण म्हणजे मास्तर सोडून.

रविवारी शर्यत सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्या झोकात गेल्या. शेवटच्या फेरीत मात्र डॉक्टरांच्या पायात अचानक गोळा आला. मेहुण्याचं इंटरनेट अडखळू लागलं. टेलरला कुणीतरी दारात आल्याचा भास झाला. तिन्ही गाड्या रांगत रांगत अंतिम रेषेपर्यंत आल्या आणि दहा पावलं अलीकडे शेजारी शेजारी थांबल्या.

"डॉक्टर, व्हा पुढे."

"छे छे, आधी तुम्ही. मला काही घाई नाही."

एवढ्यात मागून मास्तर आले. रस्त्याच्या मधोमध तीन गाड्या उभ्या पाहून त्यांनी ब्रेक दाबला. "अपघात झाला का? कुणाला लागलं तर नाही ना?"

"काही झालं नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे, मास्तर. आम्ही जरा गप्पा मारतोय."

"भर रस्त्यात?" मास्तर म्हणाले. भर रस्त्यात गाडी उभी करायची नाही, ही बावीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलेली पहिली गोष्ट होती. त्यांनी इंडिकेटर दिला, कडेनं गाडी काढली आणि रेषा ओलांडून गेले. आपण जिंकलो हे त्यांना पडद्यावर फटाके उडाले तेव्हा कळलं.

"अभिनंदन, मास्तर," टेलर म्हणाला. "शंभर किलो."

बाकीचे तिघं तिथेच थांबले. साडेपाचला गेमनंच कंटाळून शर्यत बंद केली आणि तिघांनाही शेवटचं ठरवलं. नियम म्हणजे नियम! टेलरनं तिन्ही गाड्यांतून शंभर शंभर किलो काढले.

मास्तरांनी त्या आठवड्यात आशाच सोडली होती. पण पुढच्या रविवारी हिरवा दिवा लागला, आणि पहिल्याच वळणावर त्या तीन पिसासारख्या हलक्या गाड्या साबणाच्या वडीसारख्या सटकल्या, एकमेकींत अडकल्या आणि गवतात जाऊन पडल्या. मास्तरांची जड गाडी आरशात बघत, इंडिकेटर देत, शांतपणे वळण घेऊन पुढे गेली. एक फेरी झाली, तीन झाल्या, नऊ झाल्या. मास्तर पहिलेच! टेबलावर चषक कुठे ठेवायचा, फोनच्या या बाजूला की त्या, इथवर त्यांचा विचार गेला.

शेवटच्या सरळ रस्त्यावर आरशात डॉक्टरांची गाडी दिसली. ती भरधाव जवळ आली, पार पाठीला चिकटली आणि तिनं दोनदा दिवे मारले.

मास्तरांनी साइड दिली.

हेडफोनमध्ये मेहुणा क्षीण आवाजात म्हणाला, "दाजी, काय केलंत हे?"

"त्यांनी दिवे मारले," मास्तर म्हणाले. त्यांना अगदी रडू यायचं बाकी होतं. बायको आत आली, तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पंखा एकदम पाचवर केला.

सोमवारी सकाळी शाळा उघडते न उघडते तोच डॉक्टर आले. चालत आले होते. हातातल्या पिशवीतून चषक डोकावत होता.

"दार लावू का?" त्यांनी विचारलं.

"चषक दाखवायला आला असाल तर अभिनंदन."

"तसं नाही हो मास्तर." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मला गाडी येत नाही."

"कुठली?"

"खरी. तरुणपणी एकदा शिकायला बसलो होतो. शिकवणारा इतका ओरडला की तिसऱ्या दिवशी पळून आलो. काल तुम्ही साइड दिलीत, तेव्हा वाटलं, हा माणूस नाही ओरडायचा." त्यांनी पिशवी पुढे सरकवली. "चषक तुम्ही ठेवा. फक्त कुणाला कळू देऊ नका."

मास्तरांचा हात शिवशिवला. त्यांनी तो मागे घेतला.

"चषक जिंकणाऱ्याचा. तुम्हाला मी शिकवतो. पण शाळेचा रस्ता ठरलेला आहे, तो कुणासाठी बदलत नाही."

"कुठून जातो?"

"तुमच्या दवाखान्यावरून. साडेनऊला."

डॉक्टरांनी चषकाची पिशवी उचलली. मग बाहेर जाऊन शाळेच्या गाडीत स्टिअरिंगसमोर बसले.

साडेनऊला दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा पेशंट ताटकळत होते. टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा भला मोठा बोर्ड मिरवत एक गाडी आली आणि बरोबर दारासमोर आचका देऊन बंद पडली. डॉक्टरांनी ती सुरू केली. ती पुन्हा बंद पडली. मागच्या सीटवर चषक पट्टा लावून बसला होता.

"मास्तर, ही उचलतच नाही हो. जड वाटतेय."

"वाटणारच," मास्तर शांतपणे म्हणाले. "जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन असतं. क्लच हळू सोडा."

पायऱ्यांवरून तोच सुजका गाल उठून गाडीजवळ आला. त्यानं स्टिअरिंगवरच्या डॉक्टरांकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं, "सर, माझी वेळ अजून रिकामी आहे का?"

"आहे. उद्या या," मास्तर म्हणाले. "आता बाजूला व्हा. डॉक्टरांना साइड द्या."